वाळवणाच्या चादरीवर पाला कुठे आहे?

भीमजयंतीची मिरवणूक संपली की आपल्या वस्त्यांमध्ये वाळवणाचे दिवस सुरू होतात. बुधवार पेठेतलं मिलिंदनगर असो की शहराच्या कडेला वाढलेली एखादी नवी वस्ती, पत्र्यावर, गच्चीवर, आणि तेवढीही जागा नसेल तिथे बोळात खाट टाकून तिच्यावर जुनी साडी पसरलेली दिसते. सोलापूरचं ऊन चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं. त्या उन्हाचा आपण काही उपयोग करून घेतो, तो एवढाच. कुरडया, पापड, शेवया, सांडगे, खारोड्या, भरून वाळवलेली मिरची. आजूबाजूच्या चार बायका एकत्र बसतात, चीक शिजतो, पोरं कच्च्या चिकासाठी भोवती घुटमळतात. हे काम कष्टाचं आहे आणि आनंदाचंही.

पण एक नर्स म्हणून मी त्या चादरीकडे बघते तेव्हा हिशेब वेगळा दिसतो. कुरडई म्हणजे गव्हाचं सत्त्व, शेवई म्हणजे बहुतेक घरी मैदा किंवा रवा, पापड म्हणजे उडीद-मूग, पण त्यात मीठ आणि पापडखार. सांडगे आणि खारोड्या सोडल्या तर वर्षभराची ही बेगमी पिष्ट आणि मिठाची आहे. हिरवा पाला त्या चादरीवर जवळजवळ नसतोच. आणि आपल्या बायकांच्या अंगात जे कमी आहे ते पिष्ट नाही, मीठ तर नाहीच नाही. कमी आहे ते रक्त.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ टक्के होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो ६८.९ टक्के आहे. म्हणजे राज्यातल्या निम्म्याहून जास्त आया आणि दर तीनांतली दोन लेकरं. हा सगळ्या समाजांचा मिळून आकडा आहे. वस्तीतल्या घरांत तो याहून बरा असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

तपासणी शिबिरात मी बायकांना एकच साधा प्रश्न विचारते, "ताई, काल दिवसभरात काय काय खाल्लं?" उत्तर बहुतेक वेळा भात-आमटी, भाकरी-चटणी, दोन-तीन वेळा चहा असं येतं. पालेभाजी कधी खाल्ली होती, यावर थोडा वेळ आठवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात तर विचारायलाच नको. मेथीची जुडी हातात घेऊन बाई भाव विचारते आणि परत ठेवते.

अन्न सुरक्षा कायद्यानुसार रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं. त्यात गहू आणि तांदूळ असतो. शंभर ग्रॅम पॉलिशच्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. तेवढ्याच ज्वारीत सुमारे चार मिलिग्रॅम असतं आणि बाजरीत सहाच्या वर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं, कारण खाल्लेल्यातलं थोडंच रक्तात जातं. रेशनच्या भातावर दोन्ही वेळा भागवणारी बाई या आकड्याच्या जवळपासही पोचत नाही. मालदांडी ज्वारीच्या मुलखात राहून आपण ज्वारीची भाकरी एका वेळेवर आणली, याचं मला फार वाईट वाटतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या तव्यावर मात्र ती महाग झाली. तरीही जमेल तितकी भाकरी टिकवा. पोरांना पोळी-बिस्किटाची सवय लागली म्हणून ती सोडू नका.

आता मुद्द्यावर येते. वाळवण आपण करतोच आहोत. ऊन फुकट आहे, हात सवयीचे आहेत. त्या चादरीचा एक कोपरा पाल्याला द्यायचा, एवढंच मी सांगत फिरते.

पहिला मान शेवग्याचा

शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने खातो आणि पाला शेळीपुढे टाकतो. मोठ्या शहरांत हाच पाला वाळवून, दळून, छोट्या डबीत भरून भारी किमतीला विकला जातो. आपल्याकडे तो कुणाच्या तरी दारात मोफत असतो. मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

कोवळा-जून कसाही पाला चालतो, फक्त पिवळा पडलेला आणि किडलेला काढून टाकायचा. डहाळ्यांसकट स्वच्छ पाण्यात दोनदा धुवायचा, झटकून पाणी निथळू द्यायचं. मग सावलीत, हवा खेळेल अशा जागी सुती कापडावर पातळ पसरायचा आणि वरून दुसरं विरळ कापड टाकायचं. सावलीत म्हणते ते मुद्दाम. पापडाला लागतं तसं रखरखीत ऊन पाल्याला लागलं की त्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य नाश पावतं आणि रंगही उडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतसुद्धा दोन-तीन दिवसांत पाला कुरकुरीत होतो. पानं बोटांनी चुरली की "चर्र" वाजली पाहिजेत. वाजत नसतील तर अजून एक दिवस. ओलसर भरलात तर आठ दिवसांत बुरशी धरेल.

एक किलो पाल्याची पाव किलोच्या आत-बाहेर पूड होते. ती कोरड्या स्टीलच्या डब्यात भरून अंधाऱ्या जागी ठेवा. तीन-चार महिन्यांत संपवा, पुढे तिचा कस उतरत जातो. भाकरीच्या पिठात, आमटीत, पिठल्यात माणशी दोन लहान चमचे घाला. लेकराच्या खिचडीत अर्धा चमचा पुरे. पहिल्या दिवशीच मूठभर घातलीत तर कडवट लागेल आणि घरचे पुन्हा तोंडात घेणार नाहीत.

खरं सांगायचं तर ही पूड जादू नाही. दोन चमच्यांतून साधारण दोन मिलिग्रॅम लोह मिळेल. पण दोन भाकऱ्या, वाटीभर मटकी, दोन चमचे पूड, कारळाची किंवा जवसाची चटणी, असं साठत साठत ताट भरतं. शिवाय शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं. ज्या बाईने दोन-तीन बाळंतपणं काढलीत आणि दिवसभर बसून विड्या वळते, तिच्या कंबरेला त्याची गरज आहे.

विड्यांचा विषय निघालाच आहे तर एक ताकीद. ज्या सुपात, ज्या कापडावर तंबाखू आणि तेंदूची पानं ठेवता, त्यावर खाण्याची कुठलीही वस्तू वाळवू नका. झटकलं, धुतलं तरी चालणार नाही. तंबाखूची धूळ विणीत बसलेली असते. खाण्याचं सूप वेगळं, विडीचं सूप वेगळं. वाळवण चालू असेल तेव्हा त्या अंगणात विडी वळायला बसू नका.

दुसरी वस्तू हरभऱ्याची. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हरभऱ्याचे शेंडे खुडायला आपल्या बायका रोजाने शेतात जातात. खुडल्याने झाड फुटतं, म्हणून शेतकऱ्यालाही ते हवं असतं. तो पाला वाळवून ठेवायची रीत आपल्या आज्यांची. उन्हाळ्यात त्याची लसूण घालून, ज्वारीच्या कण्या किंवा डाळ टाकून हाटलेली भाजी म्हणजे गरिबाच्या घरची मेजवानी. आता अनेक घरांत ही रीत मोडली आहे. ती परत आणा. जुन्या बायका आंब जाऊ नये म्हणून हा पाला धूत नसत. आता धुवावाच लागेल, कारण शेतात फवारणी होते. खुडण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला विचारा. फुलोऱ्याआधीचा पाला घ्या. घाटेअळीसाठीची औषधं त्यानंतर मारली जातात.

हिवाळ्यात मेथी आणि करडई स्वस्त होते तेव्हा तीही याच पद्धतीने वाळवता येते. करडईच्या भाजीचं कौतुक सोलापूरकरांना सांगायला नको. अंबाडीचा पाला वाळवला की आंबटपणासाठी वर्षभर कामी येतो. गवार, वांगी, कारली यांच्या काचऱ्या आपण करतोच.

आणि ज्यांना वेगळी पूड करायला वेळ नाही, त्यांनी एवढं करा. खारोड्यांच्या बाजरीच्या भरड्यात आणि सांडग्यांच्या डाळीत बारीक चिरलेला शेवगा किंवा मेथी मिसळा. काम तेच, वस्तू दुप्पट चांगली.

पापडांबद्दल मी कुणाला "करू नका" म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक लहान चमचा. पापडखारातही सोडियमच असतं. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर त्याच्या ताटात रोज पापड आणि लोणचं दोन्ही वाढणं म्हणजे त्याच्या गोळीचा उतारा आपणच देणं झालं.

लोणचं कशाने नासतं

वाळवणाच्या दिवसांत अजून एक गोष्ट आपल्या घरांत चालते. ती पाहून मला राग येतो. पाळी आलेल्या मुलीला पापडाला हात लावू देत नाहीत. पापड लाल पडतात म्हणे, लोणच्याच्या बरणीवर तिची सावली पडली तर ते नासतं म्हणे. बाबासाहेबांची प्रतिमा असलेल्या भिंतीखाली बसून हे बोललं जातं. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांच्या घरात पोरीच्या सावलीचा विटाळ?

लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने, ओल्या बरणीने, कमी मिठाने आणि फोडी तेलाच्या वर उघड्या राहिल्याने. पापड लाल पडतो तो खाराने, जुन्या पिठाने किंवा तळताना तेल जास्त तापल्याने. पाळीच्या दिवसांत मुलीच्या हाताला कसलाही वेगळा जंतू येत नाही. साबणाने हात धुतलेली मुलगी आणि साबणाने हात धुतलेली सासू, बरणीला दोघी सारख्याच. त्या दिवसांत मुलीला विश्रांती हवी असेल तर ती जरूर द्या, तिने मागितली म्हणून. बाजूला बसवू नका. तिच्या शरीरातून त्या चार-पाच दिवसांत लोह जात असतं. तिला खरं तर वाढून खायला देण्याचे ते दिवस.

बुरशी मात्र खरी शत्रू आहे आणि तिच्याबद्दल आपण फारच निष्काळजी असतो. विशेषतः शेंगदाण्याच्या बाबतीत. सोलापूर म्हणजे शेंगाची चटणी. रोज खाल्ली जाणारी, पोरांच्या डब्यात जाणारी वस्तू. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर एक बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला मारक आहे, दीर्घकाळ पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. घरच्या भाजण्याने ते पूर्ण जात नाही. म्हणून स्वस्तात मिळणारे सुरकुतलेले, काळपट-हिरवट डाग पडलेले, कडवट दाणे घेऊ नका. दुकानदार "चटणीलाच तर वापरायचेत" म्हणून गळ्यात मारतो, तेव्हाही नाही म्हणा. घरी आणल्यावर दाणे ताटात पसरून निवडा आणि खराब वेचून कचऱ्यात टाका. कोंबडीला किंवा शेळीलाही घालू नका. चटणी आठ-दहा दिवसांपुरतीच कुटा. हेच लाल तिखटाचं. मिरची अर्धवट वाळलेली कांडून आणली की पावसाळ्यात तिला वास येतो. तो वास म्हणजे बुरशीच.

लोणच्यावर पांढरा-काळा थर आला तर वरचं काढून खालचं खाण्याची सवयही सोडा. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बुरशी खोल गेलेली असते.

धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणं उत्तम. कीड मारायच्या विषारी गोळ्या मात्र एका खोलीच्या घरात ठेवू नका. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

चान्यांविषयी उघडपणे

शाकाहारी वाळवणावर कितीही लिहा, कुणाची हरकत नसते. आपल्या आज्यांनी केलेलं सर्वांत कसाचं वाळवण मात्र वेगळंच होतं आणि त्याचं नाव घ्यायला आजची पिढी लाजते. चान्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून, दोरीवर टांगून कडक उन्हात वाळवायच्या आणि पावसाळ्यात, हाताला काम नसताना, भाजून किंवा रश्श्यात शिजवून खायच्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अशा अन्नाची सविस्तर नोंद आहे. आपल्या शेजारच्याच मुलखाची ती गोष्ट. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी ती वाचली तर प्रत्येक पानावर मान डोलावतील.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं सांगितलं. ते आपण सोडलं, आणि सोडलं हे आरोग्याच्या दृष्टीनेही शंभर टक्के योग्य झालं. रोगाने मेलेल्या जनावराचं मांस घातकच. पण मांस वाळवून टिकवणं हे कौशल्य होतं. ते ताज्या मांसालाही तितकंच लागू पडतं. मांसातलं लोह शरीर पाल्यातल्या लोहापेक्षा कितीतरी चांगलं शोषून घेतं, आणि सोबत खाल्लेल्या भाकरी-डाळीतलं लोहही त्यामुळे जास्त अंगी लागतं. धम्माच्या आचरणातून ज्यांनी मांसाहार सोडला आहे त्यांचा मी आदर करते. त्यांच्यासाठी वर पाला-डाळी सांगितल्याच. पण जी घरं खातात, त्यांनी लाजून खाऊ नये.

राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीच्या आणि शेळी-मेंढीच्या मांसाला नाही. परवानाधारक दुकानातून ताजं मांस घ्या. पट्ट्या बोटापेक्षा पातळ कापा, चरबी काढून टाका, मीठ-हळद सढळ लावा, जाळीखाली टांगा म्हणजे माशी बसणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवसांत पट्टी काडीसारखी मोडते. वाकली तर अजून ओली आहे. रात्री आत घ्या. ढगाळ हवेत हे करूच नका. खाताना नीट शिजवून खा, आणि बुळबुळीत लागली किंवा वास आला तर मोह न धरता टाकून द्या.

हे जमत नसेल तर बाजारातली सुकट आणि सुके बोंबील आहेतच. कोमट पाण्यात दोनदा धुवून खारटपणा आणि वाळू काढा. मूठभर सुकट वांग्यात टाकली की अख्ख्या घराची भाजी कसाची होते.

आणि हो, यातलं काहीही खा, जेवणावर लगेच चहा नको. चहा जेवणातलं लोह पोटातच अडवून ठेवतो. तासभर थांबा. त्याऐवजी जेवताना लिंबू पिळा, पेरूच्या दिवसांत पेरू खा. क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. भाजी लोखंडी कढईत करा, मटकीला मोड आणा. या चार सवयींना पैसा लागत नाही.

डब्यातली बाग

जमीन नाही, अंगण नाही, नळाला पाणी काही दिवसांआड. अशा घराला "परसबाग करा" म्हणणं चेष्टेसारखं वाटेल. उजनी भरलं तरी सोलापूरच्या नळाला रोज पाणी येत नाही, हा आपला जुना सल आहे. त्यासाठी महापालिकेच्या दारात जावंच लागेल, आणि आपण जातोही. तोवर पाच-सहा डब्यांची गोष्ट.

तेलाचे पंधरा किलोचे रिकामे पत्र्याचे डबे, जुन्या बादल्या, सिमेंटची पोती चालतात. रंगाचे आणि औषधांचे डबे अजिबात नकोत. तळाला चार-पाच भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या किंवा खापरं, वर दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत. बियाणं विकत आणायची गरज नाही. मसाल्याच्या डब्यातली मेथी आणि धणे पेरा. धणे आधी चपलेने रगडून दोन फाका करा.

कधी काय, हे आपल्या दिवसांशी जुळवून लक्षात ठेवते मी. मृगाचा पाऊस झाला की तांदुळजा पेरायचा आणि पत्र्यावर चढवायला दोडका-घोसाळ्याचा वेल लावायचा. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईपर्यंत तांदुळजा पहिल्या काढणीला येतो. उपटू नका, चार बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटतो. पावसात तांदुळजा आणि घोळ मोकळ्या रानात आपोआपही उगवते. ती ओळखणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत तोवर पोरींना त्यांच्याबरोबर पाठवा. अशोक विजयादशमीच्या सुमारास पाऊस ओसरला की मेथी, पालक, शेपू, करडई. मेथी तीन-चार आठवड्यांत हाताला येते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊन आल्यावर दुसरा हप्ता पेरायचा. फेब्रुवारीनंतर पालेभाजीचा नाद सोडा. उन्हाळ्यात फक्त पुदिना, कढीपत्ता आणि मिरची जगवायची. डबे भिंतीच्या पूर्व बाजूला ओढायचे, वर जुनी साडी बांधायची, मातीवर उसाचं पाचट किंवा कडबा पसरायचा आणि पाणी संध्याकाळी द्यायचं. कोरडी माती उन्हात तापू दिली तरी हरकत नाही. कीड मरते.

पाणी कुठलं? तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं शेवटचं पाणी. साबणाचं आणि कपड्याच्या पावडरीचं पाणी पालेभाजीला नको. गटाराचं तर नकोच. नाल्याच्या कडेला जी हिरवीगार स्वस्त भाजी पिकते, तिच्याबरोबर टायफॉइड आणि जंत घरात येतात. जंत आतड्यातून रक्त पितात. मग कितीही पाला खा, भरपाई होत नाही. म्हणून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक मोहिमेत शाळेत किंवा अंगणवाडीत मिळणारी गोळी लेकरांनी चुकवू नये.

दुसरी जोखीम डेंग्यूची. पाणी रोज येत नाही म्हणून आपण पिंप-टाक्या भरून ठेवतो, त्यात कुंड्यांखालच्या थाळ्यांची भर नको. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी सगळं पाणी उपसून भांडी घासून कोरडी करा. डब्याखाली थाळीऐवजी दोन विटा ठेवा.

गोळी ती गोळीच

आता मैत्रिणींनो, एक स्पष्ट बोलते, नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी गोळ्या बंद करील. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि इतर बाईचं १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. गरोदरपणात ७ च्या खाली गेलं तर ती तातडीची बाब आहे, पुडीची नव्हे. तिने त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या किशोरींना आठवड्याला एक निळी गोळी. आशाताई या गोळ्या मोफत देतात. शी काळी होते, मळमळतं, म्हणून अनेकजणी त्या उशीखाली ठेवतात. काळी शी होणं धोक्याचं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोघींत काही तासांचं अंतर ठेवा. धाप लागते, पायावर सूज येते, माती-खडू खावासा वाटतो, अशा बाईला घरच्या घरी पाला खाऊ घालत बसू नका. नागरी आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासा.

विहाराच्या आवारात

शेवटी शेवग्याकडेच येते. एका खोलीच्या घराला झाड लावता येत नाही. पण विहाराला आवार असतं, निदान चार हात जागा असते. शाळांमध्ये पोषण आहारासाठी परसबागा होतात, मग विहारात का नाहीत? दारात शेवगा नको, अपशकुन होतो, असं सांगणारे लोक भेटतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी तरी ते ऐकून घेऊ नये. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या येतात आणि अंगाला खाज सुटते, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी झाड तोडायला नको. अळ्या खोडावर गठ्ठ्याने बसतात तेव्हाच काठीला चिंधी गुंडाळून साबणाच्या पाण्याने खरवडून काढायच्या.

लावायची वेळ जूनची, पहिले दोन पाऊस झाल्यावर. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी घ्या, हातभर खोल पुरा, बुडाशी पाणी साचू देऊ नका. विजेच्या तारेपासून आणि पत्र्यापासून लांब, कारण शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वादळात मोडतं. झाड छातीपर्यंत आलं की शेंडा छाटा, म्हणजे पाला बायकांच्या हाताला लागेल आणि शिडी आणावी लागणार नाही. दर रविवारी वंदनेनंतर ज्या घरात गरोदर किंवा बाळंतीण आहे त्या घराला पहिला पाला, उरलेला इतरांना. तीन झाडं असतील तर एकाची छाटणी चालू असताना दुसरी दोन पाल्यावर असतात, म्हणून एक लावू नका, तीन लावा.